माळ्यावरच्या साड्या

लग्नाच्या बस्त्याला जाण्याची वेळ आली तर एकदा तरी खरेदीत लक्ष न घालता नुसतं कोपऱ्यात बसून बघावं. चपला बाहेर काढून मंडळी पांढऱ्या गादीवर टेकतात. पाणी येतं, मागोमाग चहा येतो. ‘कितीपर्यंत दाखवू ताई?’ असं विचारलं जातं, पण उत्तराची फारशी वाट बघितली जात नाही. पहिली साडी उघडते ती १८ हजारांची. ‘घ्यायची नाही हो, नुसती नजरेखालून घाला. दाखवायला काय पैसे पडतात?’ सेल्समन घडी मोडतो आणि एका झटक्यात पदर गादीभर पसरतो. दुसरी साडी १४ हजारांची, तिसरी १५ची. मावशी नवऱ्याकडे बघतात, नवरा पंख्याकडे. मग साडेसहा हजारांची एक येते आणि ‘ही त्यातल्या त्यात परवडणारी आहे’ असं मावशीच म्हणतात. घरून निघताना त्यांनी चार हजार धरलेले असतात.

एव्हाना समोर तीस साड्यांचा ढीग झालेला असतो. एवढ्या घड्या मोडायला लावल्या, आता रिकाम्या हाताने कसं उठायचं, हा संकोच मनात शिरलेला असतो. तेवढ्यात सेल्समन ती साडी मावशींच्या खांद्यावर टाकतो आणि आरशासमोर उभं करतो. तिथून पुढे ती दुकानाची साडी राहत नाही.

हे सगळं बघून झालं की मान वर करून दुकानाच्या माळ्याकडे बघावं. तिथे चादरीत बांधलेले गठ्ठे असतात. तीन वर्षांपूर्वी ‘यंदा हाच रंग चालणार’ म्हणून उचललेला माल. चालला नाही. कोणी कमी भावात मागितला तर मालकाचं उत्तर ठरलेलं असतं: ‘अहो, आमचीच खरेदी नाही तेवढ्याला.’ गिऱ्हाइकाला चार हजारांवरून साडेसहावर अलगद नेणारा हा माणूस स्वतःच्या खरेदीच्या आकड्यावरून एक पाऊल हलायला तयार नसतो.

किरकोळ विक्रीच्या मानसशास्त्रावर लिहिताना बहुतेक लोक गादीवरचा खेळ सांगतात. तो रंजक आहे, मीही सांगणार आहे. पण या शास्त्राचा मोठा फायदा गादीवर नाही, माळ्यावर आहे. जे मन गल्ल्याच्या पुढे आहे, तेच गल्ल्याच्या मागेही आहे.

आधी ऐकलेला आकडा

१८ हजारांची पहिली साडी विकायला काढलेली नसतेच. ती नांगर असते. शेतातला नव्हे, होडीचा. होडी नांगराभोवती थोडीफार फिरते, पण त्याला सोडून लांब जात नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या प्रकाराचा एक गमतीदार प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं जाई. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली होती. मग प्रश्न विचारायचा : संयुक्त राष्ट्रांच्या सभासद देशांपैकी किती टक्के आफ्रिकेतले? ज्यांच्यासमोर चक्र १० वर थांबलं त्यांचा मध्यम अंदाज २५ टक्के आला, ६५ बघितलेल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही हे सर्वांना ठाऊक होतं, तरीही असं झालं.

इथे दुकानदार म्हणेल, हे अडाण्यांचं झालं, आम्ही भाव कोळून प्यायलोय. त्याच्यासाठी १९८७ चा एक प्रयोग आहे. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी मुरलेल्या मालमत्ता-दलालांना एक घर दाखवलं, घराची सगळी कागदपत्रं दिली, फक्त मालकाने मागितलेली किंमत वेगवेगळ्या दलालांना वेगवेगळी सांगितली. ज्यांना चढी किंमत सांगितली त्यांनी घराचं मोल जास्त लावलं. त्या आकड्याकडे आपण बघितलंच नाही, असं मात्र बहुतेकांचं म्हणणं होतं. अनुभवाने नांगर सुटत नाही. आपण मोकळे आहोत ही खात्री तेवढी वाढते.

वस्तूचं सुख, सौद्याचं सुख

घासाघीस करून पाचशेची वस्तू साडेतीनशेला आणणारा माणूस घरी आल्यावर आधी वस्तू दाखवत नाही, ‘ओळख, केवढ्याला?’ असं विचारतो. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने या प्रश्नातलं शास्त्र १९८५ साली मांडलं. खरेदीत माणसाला दोन सुखं मिळतात : एक वस्तू वापरण्याचं, दुसरं सौदा साधल्याचं. दुसरं सुख मनातल्या ‘रास्त’ किमतीवर ठरतं. त्याने लोकांना विचारलं, तुम्ही उन्हात समुद्रकिनारी पडला आहात, मित्र जवळून थंडगार बिअर आणणार आहे, जास्तीत जास्त किती द्याल? बिअर झकपक हॉटेलातून येणार असं सांगितलं तेव्हा मधला आकडा २.६५ डॉलर आला. वाणसामानाच्या मोडक्या दुकानातून येणार म्हटल्यावर १.५० डॉलर. बिअर तीच होती, प्यायची जागाही तीच. थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

या दुसऱ्या सुखाला क्षुल्लक मानलं तर काय होतं, त्याचं एक महागडं उदाहरण आहे.

जे. सी. पेनी ही अमेरिकेतली १९०२ पासूनची दुकानांची साखळी. मध्यमवर्गीयांचे कपडे आणि घरगुती वस्तू विकणारी, तेव्हा साधारण ११०० दुकानांची. २०११ च्या नोव्हेंबरात रॉन जॉन्सन तिचे प्रमुख झाले. ॲपलची दुकानं ज्यांनी घडवली ते हेच गृहस्थ. त्यांनी कंपनीचा कारभार बघितला आणि डोक्याला हात लावला. एका वर्षात ५९० निरनिराळे सेल आणि योजना! किंमत आधी चढवायची, मग कुपन आणि सूट देऊन उतरवायची. छापील किमतीला जवळपास काहीच विकलं जात नव्हतं. जॉन्सन म्हणाले, हा पोरखेळ बंद. १ फेब्रुवारी २०१२ पासून किमती एकदमच सुमारे ४० टक्के खाली आणल्या, कुपनं रद्द केली, शेवटचे ९९ सेंट काढून पूर्ण डॉलरचे आकडे लावले. सरळ, प्रामाणिक भाव.

हिशेबाने बघितलं तर गिऱ्हाइकाचं काही नुकसान नव्हतं. त्याला पूर्वी सूट जाऊन जी किंमत पडे, साधारण तीच आता पाटीवर होती. पण एका वर्षात विक्री सुमारे १७.३ अब्ज डॉलरवरून १३ अब्जांवर घसरली, म्हणजे चौथा हिस्सा गेला, आणि ९८.५ कोटी डॉलरचा तोटा झाला. २०१३ च्या एप्रिलात जॉन्सन यांना जावं लागलं. कुपनं परत आली. कंपनीने जाहिरात करून गिऱ्हाइकांची माफी मागितली.

काय चुकलं? ४० डॉलर खोडून खाली लिहिलेले २४ आणि नुसते लिहिलेले २४ हे वहीत सारखेच, पण पहिल्यात सौदा आहे, दुसऱ्यात फक्त किंमत. कुपन कापून, जपून, रांगेत उभं राहून ते वापरणाऱ्या बाईला जिंकल्याचं जे समाधान होतं, ते जॉन्सन यांनी तिच्या हातातून काढून घेतलं आणि त्याला प्रामाणिकपणा म्हटलं. यात दुसरी चूकही होती, आणि माझ्या मते ती मोठी. ५-१० दुकानांत आधी करून बघावं, असं त्यांनी केलं नाही. नवा भाव सगळ्या दुकानांत एकदम लावला. एका दुकानातलं यश दुसऱ्या दुकानात आपोआप चालतं, हा समज म्हणजे मालकाच्या मनातला नांगर. ॲपलच्या वस्तूवर कोणी कुपन मागत नाही, कारण ती वस्तू दुसरीकडे सहसा फारशा वेगळ्या भावात मिळत नाही. टॉवेल आणि चादरी सगळीकडे मिळतात.

आपला छापील नांगर

मग लगेच प्रश्न येतो : आपल्याकडे डी-मार्टचं कसं चाललं? राधाकिशन दमाणी यांनी २००२ साली पवईत पहिलं दुकान काढलं. तिथेही फार ढोल नसतात, रोज कमी भाव हेच सूत्र असतं. जॉन्सन जे करू बघत होते त्याच्याशी हे मिळतंजुळतं आहे. तरीही शनिवारी संध्याकाळी तिथे ट्रॉली मिळवायला थांबावं लागतं.

स्वतःच्या मालकीच्या जागा, मोजकाच पण झपाट्याने खपणारा माल, पुरवठादारांना लवकर पैसे देऊन मिळवलेला कमी भाव, ही कारणं सगळे सांगतात आणि ती खरीच आहेत. पण मला यात आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे एमआरपी. आपल्याकडे बंद पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याचा दंडक १९९० पासून आहे. ग्राहकाला लुबाडलं जाऊ नये हा त्याचा हेतू. पण त्याचा एक परिणाम असा झाला की, आपल्या देशात प्रत्येक साबणावर आणि बिस्किटाच्या पुड्यावर कायद्यानेच नांगर छापून दिला. डी-मार्टला मूळ भाव फुगवून, त्यावर काट मारून दाखवण्याची गरजच नाही. ते काम कारखान्यातच झालेलं असतं. पाटीवर एमआरपी आणि त्याखाली दुकानाचा भाव लिहिला की सौद्याचं सुख रोज मिळतं, सेलशिवाय मिळतं, आणि ते खरं वाटतं, कारण वरचा आकडा दुकानदाराने लिहिलेला नाही. अनेक दुकानांच्या बिलाखाली ‘तुमची बचत’ असा आकडा असतो. काही घरांत देण्याच्या रकमेआधी तो वाचला जातो.

यातून दुकानदाराने घ्यायची गोष्ट अशी, की ‘रोज कमी भाव’ ही युक्ती चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. गिऱ्हाईक तो भाव कशाशी ताडून बघणार, हे आधी विचारायला हवं. सुटा तांदूळ, शिवलेला ड्रेस, ब्लाऊजपीस यांवर एमआरपीचा तसा धाक नसतो. तिथे तुलनेची जागा रिकामी असते आणि ती कोणी तरी भरतंच : शेजारचं दुकान, नाही तर मोबाइलवरचं ॲप.

पाच रुपयांची जिद्द

कोथिंबिरीची जुडी दहा रुपयांनी महाग वाटली म्हणून मंडईचं दुसरं टोक गाठणारा माणूस फ्रिज घेताना पाचशे रुपयांसाठी पुढच्या चौकापर्यंतही जात नाही. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९८१ साली हे मोजलं. १५ डॉलरच्या गणकयंत्रावर ५ डॉलर वाचणार असतील तर २० मिनिटं गाडी चालवून दुसऱ्या दुकानात जायला ६८ टक्के लोक तयार होते. तेच ५ डॉलर १२५ डॉलरच्या वस्तूवर वाचणार म्हटल्यावर २९ टक्के उरले. मन रुपये मोजत नाही, प्रमाण मोजतं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातात वजनं देऊन हेच दिसलं होतं : फरक जाणवतो तो मूळ वजनाच्या प्रमाणात.

म्हणूनच पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाचाचाच राहतो आणि आतून बारीक होत जातो. पाचाचे सहा केले तर ते डोळ्यात भरतं. पुड्यातली चार ग्रॅम घटली तर हाताला कळत नाही. शिवाय पाचाचं नाणं सुटं असतं, सहाव्या रुपयासाठी गल्ल्यात चिल्लर शोधावी लागते.

नवाच्या आकड्याचीही तीच कथा. बाटाच्या जोड्यावरची ‘९५ पैसे’वाली किंमत हा आपल्याकडे विनोदाचाच विषय झाला. पण २००३ साली एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांनी टपालाने जाणाऱ्या कपड्यांच्या कॅटलॉगमध्ये एकच ड्रेस ३४, ३९ आणि ४४ डॉलरला छापून बघितला, तेव्हा सर्वांत जास्त खप ३९ ला झाला, स्वस्तातल्या ३४ लाही नाही. आपण डावीकडून वाचतो, पहिला अंक मनात बसतो, हे एक कारण. नऊचा अंक म्हणजे ‘भाव पाडलाय’ अशी खूण झाली आहे, हे दुसरं. पण जिथे भाव पाडल्याची खूणच नको असते, तिथे हा अंक उलटतो. हातमागाच्या पैठणीला १९,९९९ ची चिठ्ठी लावली की तिचा तोराच उतरतो.

भरलेलं दुकान

‘भरलेल्या दुकानात लक्ष्मी येते’ असं जुनी माणसं म्हणत. २००० साली शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा जॅमचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या व्यवस्थापन-वर्गांत याच्या उलट शिकवलं जाऊ लागलं. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या एका उंची दुकानात त्यांनी चव बघण्याचं टेबल मांडलं, कधी २४ प्रकारच्या जॅमचं, कधी ६ प्रकारांचं. चोवीसांच्या टेबलापाशी ६० टक्के लोक थांबले, सहांच्या टेबलापाशी ४०. पण थांबलेल्यांपैकी प्रत्यक्ष जॅम घेतला तो पहिल्या वेळी ३ टक्क्यांनी, दुसऱ्या वेळी ३० टक्क्यांनी. जास्त निवड म्हणजे जास्त गोंधळ.

गोष्ट इथेच थांबवली तर ती फसवी होते. २०१० साली अशा ५० प्रयोगांची एकत्र फेरतपासणी झाली, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. काही ठिकाणी जास्त पर्यायांनी विक्री घटली, काही ठिकाणी वाढली. आपल्याला काय हवं हे ठाऊक असलेलं गिऱ्हाईक भरलेलं दुकान शोधत येतं. ठाऊक नसलेलं भांबावतं. बांगड्यांच्या दुकानात चारच रंग ठेवून चालायचं नाही; मिक्सर विकणाऱ्याने वीस मॉडेलं मांडली तर गिऱ्हाईक ‘घरी विचारून येतो’ म्हणून जातं ते परत येत नाही.

निवडीचा आणखी एक खेळ मात्र बऱ्यापैकी टिकून आहे. सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचं बघा. समजा लहान १८० रुपये, मोठा ३५० रुपये. अनेक जण लहानावर भागवतील. आता मध्ये ‘मध्यम ३२०’ असा एक डबा ठेवा. मध्यम कोणी घेत नाही, पण त्याच्याशेजारी मोठा एकदम स्वस्त दिसू लागतो : तीसच रुपये जास्त! जोएल ह्यूबर, जॉन पेन आणि ख्रिस्तोफर पुटो यांनी १९८२ साली हा परिणाम दाखवला. वधूसंशोधनातल्या जुन्या धूर्त आयांना तो त्याआधीच माहीत होता; मुलीला दाखवायचं असलं की शेजारी कोणाला बसवायचं नाही आणि कोणाला बसवायचं, हे त्या ठरवत.

गल्ल्यामागचं मन

आता माळ्याकडे वळू. कानेमन, जॅक नेच आणि थेलर यांनी १९९० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कॉर्नेल विद्यापीठात वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचा मग दिला आणि म्हटलं, विकायचा असेल तर किंमत सांगा. उरलेल्यांना विचारलं, घ्यायचा असेल तर किती द्याल? मग हातात असलेले साधारण सव्वापाच डॉलर मागत होते, नसलेले तीन डॉलरच्या आतच द्यायला तयार होते. मग मिळून काही मिनिटंच झाली होती. साडी खांद्यावर टाकून आरशात बघणाऱ्या मावशींना जे होतं तेच हे. आणि ज्याच्या माळ्यावर साठ साड्या तीन वर्षं आहेत त्यालाही तेच होतं, फक्त कितीतरी जास्त.

त्याला दुसरं दुखणं चिकटतं, ते बुडालेल्या पैशाचं. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ साली नाटकांच्या हंगामी तिकिटांवरून ते दाखवलं : ज्यांनी पूर्ण पैसे मोजले होते ते पुढचे काही महिने सवलतीत घेणाऱ्यांपेक्षा जास्त नाटकांना गेले. पैसे तर दोघांचेही गेलेलेच होते. ‘आमचीच खरेदी नाही तेवढ्याला’ या वाक्यातली खरेदी अशीच गेलेली आहे. गिऱ्हाइकाला तिच्याशी काही देणंघेणं नाही. बाजाराला तर त्याहून नाही.

इथे भावनेऐवजी पाटी-पेन्सिल घ्यावी, ही पहिली सवय. समजा ८०० रुपयांप्रमाणे २०० साड्या उचलल्या. १४० गेल्या, ६० राहिल्या. म्हणजे ४८ हजार रुपये माळ्यावर. कोणी तरी ठोक ५०० ने मागतो आहे, ३० हजार हातात येतील. मालकाला दिसतो तो १८ हजारांचा तोटा. पण हेच ३० हजार चालू मालात टाकले, तो माल वर्षातून चार वेळा फिरला आणि दर फेरीला खरेदीवर २० टक्के सुटले, तर एका फेरीला ६ हजार मिळतात. तीन फेऱ्यांत, म्हणजे नऊ महिन्यांत, १८ हजार भरून येतात. चौथी फेरी वरकमाई. साड्या माळ्यावर ठेवण्याचाही खर्च असतो, तो बिलात दिसत नाही इतकंच. अर्थशास्त्रात याला संधीचा खर्च म्हणतात. दुकानाच्या भाषेत : पैसा फिरता राहिला पाहिजे.

सूट देतानाही असंच पाटीवर मांडून बघावं. ८० ची वस्तू १०० ला विकणारा २० कमावतो. ‘दहा टक्के सूट’ची पाटी लावली की तो १० कमावतो. गिऱ्हाइकाला दहा टक्के स्वस्त, मालकाचा नफा निम्मा. पूर्वीइतकंच मिळवायचं तर खप दुप्पट व्हायला हवा. तो होईल का? आणि झाला तरी पुढे काय? दर श्रावणात सेल लागतो हे गावाला कळलं की आषाढात कोणी फिरकत नाही. पहिल्या परिणामाच्या मागे उभा असलेला दुसरा परिणाम बघण्याची ही दुसरी सवय. जे. सी. पेनीचं गिऱ्हाईक कुपनाला चटावलं होतं ते कंपनीनेच वर्षानुवर्षं चटावलं होतं.

तिसरी सवय उलटं विचारण्याची. वॉरन बफे यांचे भागीदार चार्ली मंगर तिचा सतत पुरस्कार करत. दुकान कसं वाढेल हे विचारण्याआधी ते बुडवायचं असेल तर काय काय करावं लागेल, याची यादी करावी. उधारीची वही लांबवायची, एकाच ठोक व्यापाऱ्यावर विसंबायचं, मोठ्या सणाच्या आधी पंधरा दिवस सगळं भांडवल एकाच रंगात अडकवायचं. यादी लिहून झाली की त्यातल्या किती गोष्टी आत्ता चालू आहेत ते मोजावं.

चौथी सवय सर्वांत स्वस्त, ती म्हणजे करून बघण्याची. वर सांगितलेला कुठलाही परिणाम आपल्या दुकानात लागू पडेलच असं नाही; जॅमची गोष्ट त्यासाठीच सांगितली. पण एक फळी दोन आठवडे अशी आणि दोन आठवडे तशी मांडून विक्री वहीत लिहायला पैसे लागत नाहीत. ‘मला गिऱ्हाईक कळतं’ म्हणणाऱ्याने तर ते नक्की करावं. आपल्याला आठवतं ते दुकानात येऊन भांडलेलं गिऱ्हाईक किंवा मनसोक्त खरेदी करून गेलेलं. पाटी वाचून आत न येताच पुढे गेलेला माणूस कोणाच्याच आठवणीत नसतो, आणि तोच बहुसंख्येने असतो.

मालाचा मोह अनुभवाने सुटतो का? थोडासा. जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञाने २००३ साली खेळाडूंच्या स्मृतिवस्तूंच्या बाजारात बघितलं, तेव्हा नवखी माणसं हातातल्या वस्तूला चिकटून बसत होती आणि मुरलेले व्यापारी सहज अदलाबदल करत होते. जो वस्तूकडे पहिल्यापासून ‘पुढे द्यायची’ म्हणून बघतो त्याची पकड सैल असते. दुकानदाराने स्वतःला विचारण्याचा प्रश्न यातून मिळतो : हा गठ्ठा आज माझ्याकडे नसता, तर मी या भावात उचलला असता का?

वर टाकलेली मिरची

मिठाईवाला पाव किलो पेढे जोखताना आधी थोडे कमी टाकतो, मग एक-एक वाढवत काटा बरोबर करतो. नवखा पोरगा भसकन जास्त टाकतो आणि मग काढून घेतो. वजन दोघांचंही पाव किलोच, पण दुसऱ्याचं गिऱ्हाईक हिरमुसतं. मिळाल्याच्या आनंदापेक्षा गेल्याचं दुःख मनाला जास्त लागतं, हे कानेमन-ट्वर्स्की यांनी १९७९ साली सिद्धान्त म्हणून मांडलं, पण पेढेवाल्याच्या हाताला ते ठाऊकच होतं. भाजीवाली पिशवीत शेवटी चार मिरच्या वर टाकते, तेही त्यातलंच. ही युक्ती आहे का? आहे. फसवणूक आहे का? नाही, मिरच्या खऱ्या आहेत.

रेषा इथेच आहे. कानेमन, नेच आणि थेलर यांनी १९८६ साली लोकांना विचारलं : बर्फाचं वादळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुकानदाराने फावड्याची किंमत १५ वरून २० डॉलर केली, हे रास्त की अन्यायाचं? ८२ टक्के लोक अन्याय म्हणाले. मागणी-पुरवठ्याच्या नियमाने ते चूक असतील, पण फावडं पुन्हा कुठून घ्यायचं हे तेच ठरवणार. गिऱ्हाइकाची ही न्यायबुद्धी विसरली की शेवटी कायद्याला यावं लागतं. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘फक्त २ नग शिल्लक’ अशी खोटी घाई, गुपचूप टोपलीत टाकलेली जादा वस्तू, शेवटच्या पानावर उगवणारे छुपे आकार, हे सगळं त्यात आहे. दोनच नग खरंच उरले असतील तर ती माहिती; गोदामात दोन हजार असतील तर ती लबाडी. मानसशास्त्र दोन्हीकडे तेच.

दिवाळीच्या आधी दुकानं झाडली जातात आणि तेव्हा माळा खाली उतरतो. गठ्ठे सुटतात, साड्या झटकल्या जातात, पुन्हा बांधून वर जातात. पाडव्याला नवी वही पूजेला बसते. तिच्यात शिल्लक मालाची किंमत कशी लिहायची, याचा लेखापालांचा एक जुना नियम आहे : खरेदीची किंमत आणि आज विकून मिळेल ती किंमत, यांतली जी कमी असेल ती धरायची. ज्यांनी तो केला त्यांना नांगर आणि मोह हे शब्द ठाऊक नसतील, पण मालक कुठला आकडा धरून बसेल याची त्यांना पुरती कल्पना होती. ८०० चा आकडा जुन्या वहीत आहे. नव्या वहीत ती साडी ५०० ची आहे, आणि तिला ५०० ला मागणारा दुकानाच्या पायरीवर उभा आहे.